सुशि आणि आपण : गोव्यातल्या वाचकांनो, लिहा

जुलै उजाडला की कादंबरीकार सुहास शिरवळकरांची आठवण निघतेच. ११ जुलै २००३ ला ते गेले. वयाची पंचावन्नही पुरी झाली नव्हती. वाचक त्यांना 'सुशि' म्हणतात, अजूनही, आपल्याच वर्गातल्या मुलाला हाक मारावी तसं.

समीक्षकांनी त्यांना फारसं मोजलं नाही याचं मला वाईट वाटतं. कॉलेजातल्या मुलांना मराठी कादंबरीची चटक या माणसाने लावली. गोव्यात तर घरी-दारी कोंकणी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी फक्त पेपरात, भजनात, जत्रेच्या नाटकात असं वाढलेल्या किती जणांच्या हातात पहिलं जाड मराठी पुस्तक पडलं ते त्यांचंच.

मंदार पटवर्धन, दारा बुलंद, फिरोज इराणी, वकील अमर विश्वास हे त्यांच्या रहस्यकथांचे नायक एका कप्प्यात आणि कॉलेजच्या दोस्तीची 'दुनियादारी' वेगळ्या कप्प्यात, अशी विभागणी लोक करतात. मला ती पटत नाही. आपल्या माणसासाठी कोण कुठवर जाईल, हाच प्रश्न सुशि प्रत्येक वेळी विचारतात. एकदा उत्तर खून असतं, एकदा प्रेम, एकदा कट्ट्यावरची दोस्ती. तुम्हाला काय वाटतं? पुस्तक कुठून मिळालं, कोणी दिलं, कोणामुळे झोप उडाली, सगळं या धाग्यात लिहा. न आवडलेलंही लिहा.

डिचोलीहून

आमच्या बाजारात एक खाजगी वाचनालय होतं. मालक नवं पुस्तक आलं की आधी मुखपृष्ठ फाडून टाकायचे, तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी करायचे आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने नंबर घालायचे. त्यामुळे आम्हा मुलांना पुस्तकं नंबरानेच ठाऊक. 'अमका नंबर आला काय?' एवढंच विचारायचं. दारा बुलंद मुखपृष्ठावर कसा दिसतो ते मला पुण्याला गेल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, माझ्या मनातला दारा जास्त देखणा होता.

तेव्हा खाणी जोरात होत्या. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक. ती धूळ दुकानात, घरात, डाळीच्या डब्यात, तशी पुस्तकातही शिरायची. पानांच्या कडा तांबड्या झालेल्या असायच्या. ज्या पुस्तकाच्या कडा जास्त तांबड्या ते जास्त फिरलेलं, म्हणजे ते आधी घ्यायचं, हा आमचा हिशोब. तो कधी चुकला नाही.

पर्वरीहून

माझा अनुभव मांडवीच्या पुलाशी बांधलेला आहे. ५ जुलै १९८६ ला नेहरू पूल कोसळला. मी पणजीला कॉलेजात. दुसऱ्या दिवसापासून बेतीच्या धक्क्यावर जी रांग लागायला लागली ती ज्यांनी पाहिली त्यांनाच कळेल. वरून पाऊस, खाली चिखल, आणि फेरीबोट पलीकडच्या काठाला.

मी दप्तरात अमर विश्वासची कादंबरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचो. वाचनालयाचं पुस्तक, भिजलं तर दंड. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि पान उलटायची वेळ आली की छत्री मानेत अडकवायची. एक दिवस पाठीमागून आवाज आला, 'परत रे पान, माझं झालं वाचून.' शिवोलीचा मुलगा. माझ्या खांद्यावरून किती वेळ वाचत होता कोण जाणे! मी पान परतलं.

त्यानंतर आम्ही रोज एकमेकांसाठी जागा धरायला लागलो. तो आधी आला तर तो, मी आधी आलो तर मी. बोटीत बसल्यावर खुनी कोण यावर वाद. त्याचा संशय नेहमी घरातल्या सगळ्यात गोड बोलणाऱ्या माणसावर. माझा वकिलाकडे अशील म्हणून येणाऱ्यावरच. पुस्तक संपायला आलं तेव्हा ठरलं की शेवटचं प्रकरण कोणीही एकट्याने वाचायचं नाही. रात्रभर ते पुस्तक माझ्या उशाशी होतं, मी हात लावला नाही. सकाळी बोटीत दोघांनी मिळून वाचलं. बोट पणजीच्या धक्क्याला लागली तरी आम्ही उतरेनात, तेव्हा बोटीवरचा माणूस ओरडला.

खुनी कोण निघाला ते आज दोघांनाही आठवत नाही. नवा पूल व्हायला वर्षं गेली. त्याच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला दारात मी उभा होतो. धागाकर्त्याने वर जो प्रश्न लिहिला आहे त्याला माझं हे उत्तर.

काणकोणहून

मी मूळची कोल्हापूरची, लग्न होऊन इथे आले. कोंकणी समजायची, बोलता यायची नाही. सासूबाई कमी बोलणाऱ्या. दुपारी माजघरात त्या आमसुलं निवडायच्या आणि मी 'दुनियादारी' वाचायचे. एकदा म्हणाल्या, 'मोठ्यान वाच गे.' पोर्तुगीज अमदानीत त्यांचं शिक्षण राहून गेलेलं. पण कीर्तनं आणि नाटकं ऐकून मराठी कानात पक्की होती.

मग रोज वाचन. श्रेयस पुण्याला येतो, दिग्याची गँग, शिरीन, मीनू. मला वाटलं होतं कॉलेजच्या पोरांच्या सिगारेटी आणि मारामाऱ्या ऐकून त्या कंटाळतील. त्यांना दिग्या फार आवडला. 'असलो एक तरी जाय गांवांत,' म्हणाल्या, म्हणजे असा एक तरी गावात हवा. आणि बारमध्ये एकटा बसणारा तो एम. के. आला, श्रेयसच्या आईशी त्याचा जुना धागा उलगडला, तेव्हा त्यांचे हात थांबले. बराच वेळ गेला. मग विचारलं, 'आनी ताका रांदून कोण घालता गे?'

एवढ्या कादंबरीत मला हा प्रश्न सुचला नव्हता. त्या श्रेयसच्या आईला दोष द्यायला तयारच नव्हत्या. मन एकीकडे आणि संसार दुसरीकडे अशी बाई पोराला माया कुठून देईल, हे त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्या माझ्याशी पहिल्यांदा स्वतःच्या माहेराबद्दल बोलल्या. काय बोलल्या ते इथे लिहीत नाही.

साखळीहून

थोडं वेगळं लिहितो. सुशि मीही भरपूर वाचले, पण रहस्यकथा आता हातात घेतल्या की योगायोग फार खटकतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बायका नायकाकडे बघत राहण्यापुरत्याच असतात. संवाद मात्र आजही जिवंत. दोन माणसं बोलताहेत आणि मधे लेखक कुठेच नाही, हे त्यांना जसं जमलं तसं भल्याभल्यांना जमलं नाही.

२०१३ चा 'दुनियादारी' सिनेमा मला पुस्तकापुढे गुळगुळीत वाटला. पण आपल्या गोव्याच्या वर्षा उसगांवकर त्यात श्रेयसच्या आईच्या भूमिकेत आहेत, म्हणून आमच्या घरी तो दोनदा लागला. काणकोणच्या ताईंनी जे लिहिलंय ते वाचून आता त्या भूमिकेसाठी तिसऱ्यांदा बघेन.

फोंड्याहून

मी आधी 'समांतर' ही मालिका पाहिली, २०२० ची, मग पुस्तक. कुमार महाजनला कळतं की त्याच्या हातावरच्या रेषांचं आयुष्य सुदर्शन चक्रपाणी नावाचा एक माणूस आधीच जगून गेलाय. त्याच्याकडे जाऊन उद्याचं पान वाचायचं की नाही?

माझे बाबा म्हणाले, यात भिण्यासारखं काय, आपण देवाला कौल लावतोच की. आमच्याकडे जमीन घेताना, सोयरीक ठरवताना देवळात प्रसाद घेतात. देवाला पाकळ्या लावतात, उजवी पडली की काम करायचं. मी म्हटलं, पाकळी फक्त हो किंवा नाही सांगते, कोण मरणार ते सांगत नाही. त्यावर ते गप्प झाले आणि पुस्तक मागून घेतलं. आता त्यांचं वाचून होईपर्यंत मला शेवटाबद्दल बोलायची बंदी आहे.

म्हापशाहून

अमर विश्वास वाचून मी वकील झालो, हे मी कोणालाही अभिमानाने सांगतो. कोर्टात उभं राहून एका प्रश्नात साक्षीदार फोडायचा, बस्स. प्रत्यक्षात माझी निम्मी वकिली इन्व्हेन्तारची, म्हणजे घरातल्या वाटण्यांची.

गंमत बघा. रहस्यकथांत म्हातारा मृत्युपत्र बदलणार म्हणून कोणीतरी त्याचा काटा काढतो. गोव्यात हा कट निम्माच चालतो! आपल्या पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे अर्धी आधीच बायकोची. आणि मुलं असतील तर म्हाताऱ्याला उरलेल्यातलं फार तर अर्धं मनासारखं देता येतं, बाकीचं मुलांचंच. गोव्यातल्या लेखकाला खुनाचं कारण वेगळं शोधावं लागेल.

पण सुशि कारण मनातच शोधतात, आणि मी रोज तेच बघतो. माडांच्या एका रांगेवरून दोन भाऊ माझ्यासमोर बसतात. रांगेची किंमत वकिलाच्या फीएवढी पण नसते. खरं भांडण आईने कोणाला जवळ घेतलं याचं. धागाकर्ते बरोबर लिहितायत, खून आणि घर एकाच कप्प्यात ठेवा.

वास्कोहून

'बरसात चांदण्याची' मला एकाने वाढदिवसाला दिलं होतं. त्याचं लग्न दुसरीकडे झालं, माझंही. पुस्तक माझ्याकडेच आहे, नवऱ्याला ठाऊक आहे. त्याने ते वाचलं, आवडलं, आणि आता सुशिंची आणखी पुस्तकं तोच आणतो.

पेडण्याहून

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. माझ्या काकांच्या पश्चात फिरोज इराणी आणि मंदार पटवर्धनची एक ट्रंक माझ्याकडे आली आहे, काहींना वाळवी लागलीय पण बरीच धड आहेत. दारा बुलंद कमी आहेत. डिचोलीच्या भाऊंकडे जास्तीचे असतील तर अदलाबदल करू. मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतो, दहाच्या आत मिरच्यांच्या बाजूला असतो. वकीलसाहेब, तुम्हीही या. पुस्तकं पिशवीत घालून आणा, पाऊस आहे.