बॅकअप परत चढवून दाखवायचाय, पण साइटच्या पत्त्यावर अडलोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका सभागृहात, वेबसाइटच्या सुरक्षेवर मराठीत 20 मिनिटं बोलायचंय. समोर क्लासवाले, फरसाणवाले, दोन-तीन डॉक्टर. सगळ्यांच्या साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार प्रणाली), कुणीतरी ओळखीच्याने करून दिलेल्या.

पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि प्लगइनचे, म्हणजे साइटला जोडायच्या जादा सोयींचे, आपोआप अपडेट (ही सोय 2020 मध्ये वर्डप्रेसच्या आवृत्ती 5.5 पासून आली) एवढं 8 मिनिटांत बसतं. उरलेल्या वेळात बॅकअप परत चढवून दाखवायचाय, कारण बॅकअप घेणारे खूप, तो उघडून बघणारा मात्र क्वचितच भेटतो.

घरी तालीम केली. पहिल्यांदा फक्त डेटाबेस चढवला. मजकूर आला, पण चकलीच्या फोटोच्या जागी रिकामी चौकट, कारण फोटो अपलोड्सच्या फोल्डरमध्ये असतात. तो फोल्डर टाकल्यावर फोटो दिसले. आता अडचण पत्त्याची. लॅपटॉपवरच्या प्रतीत लिंक दाबली की ती मूळ साइटकडे पळते. डेटाबेसच्या एसक्यूएल फाइलमध्ये पत्ता सरसकट बदलून पाहिला, तर काही विजेट (पानाच्या कडेचे छोटे चौकोन) गायब. विजेटच्या नोंदींत अक्षरांची लांबीही साठवलेली असते, पत्ता बदलल्यावर ती जुळेना. डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेस कमांडने चालवायचं साधन) काम होतं, पण काळ्या पडद्यावर कमांड टाइप करताना पाहून ही माणसं घाबरतील.

सभागृहात इंटरनेट नाही. लॅपटॉप माझाच, साइट सरावाची, विकतचं प्लगइन नको.

कमांड न वापरता, ऑफलाइन, विजेट न बिघडवता पत्ता बदलायची कुणी वापरलेली पद्धत आहे का?