जुन्या फ्लॅशचं मशीन क्लासच्या वायफायवर ठेवावं का?

सिंहगडरोडकर: नारायण पेठेतल्या एका क्लासमध्ये फिजिक्सच्या अ‍ॅनिमेशनसाठी विंडोज ७ आणि फ्लॅश (अडोबीचा जुना अ‍ॅनिमेशन प्लेअर) अजून चालू आहे. फीचा तक्ताही त्याच मशीनवर. माझं म्हणणं, ते आजच नेटवरून काढा. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट संपवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर फाइली चालवेनासा झाला. म्हणून लोक मुद्दाम त्याआधीची आवृत्ती शोधून टाकतात. तिची भोकं जगजाहीर आहेत, बुजवायला कोणी नाही.

शनिपार: मी शिकवतो. मुलगा स्वतः लेन्स सरकवतो आणि प्रतिमा उलटी होताना बघतो, ते फळ्यावर होत नाही. बाहेरची साइट आम्ही उघडतच नाही. धोका येणार कुठून?

सिंहगडरोडकर: फाइलमधून, सर. सीव्हीई-२०१८-४८७८ (फ्लॅशमधल्या एका सुरक्षा चुकीचा नोंद क्रमांक) मध्ये फ्लॅश एक्सेलच्या फाइलीत दडवून पाठवलं होतं. चूक यूज-आफ्टर-फ्री जातीची: प्रोग्राम मेमरी सोडतो, पण तिचा पत्ता वापरत राहतो. हल्लेखोर त्या जागेत आपला डेटा भरतो आणि प्रोग्राम तोच खरा मानतो. पॅच, म्हणजे चूक बुजवणारी दुरुस्ती, ६ फेब्रुवारी २०१८ ला आला, तोवर दक्षिण कोरियात हल्ले सुरू होते.

हडपसर: एकट्या फ्लॅशला झोडपणं मला पटत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या वेबपी चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत हीप बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याची चूक) निघाला, क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही सापडले. क्रोमियमच्याच (क्रोमचा मूळ प्रकल्प) हिशेबात गंभीर सुरक्षा बगांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीचे. दुखणं मेमरी हाताने सांभाळायला लावणाऱ्या सी आणि सी++ या भाषांचं आहे.

सिंहगडरोडकर: दुखणं तेच, मान्य. पण तिथे काही दिवसांत पॅच आला. फ्लॅशला आता कधीच येणार नाही.

शनिपार: मग एवढी अ‍ॅनिमेशनं फेकून द्यायची?

पौडफाटा: नाही हो. रफल हा फ्लॅशच्या फाइली चालवणारा नवा प्लेअर वापरून बघा, मेमरीच्या अशा चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेत लिहिलाय आणि ब्राउझरच्या सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात, चालतो. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट (फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा) १ आणि २ च्या फाइली बहुतेक नीट चालतात, ३ च्या काही अडतात.

सिंहगडरोडकर: अडलेल्यांसाठी जुनं मशीन ठेवा, फक्त वायफाय काढून.

शनिपार: फीचा तक्ता हलवतो. वायफायचं मात्र जमणार नाही, पालकांना चाचणीचे मार्क तिथूनच जातात.

हडपसर: मार्क फोनवरूनही जातील, सर. इथे मी सिंहगडरोडकरांच्या बाजूने.