उमेदवारांना सोसायटीत बोलावलंय, पण विचारायचं काय? मदत हवी आहे

ठाणेकर_बी_विंग
६ नोव्हेंबर २०२४

नमस्कार, थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. २० तारखेला विधानसभेचं मतदान आहे, परवा ४ तारखेला अर्ज माघारीची मुदत संपली, म्हणजे आता आपल्या मतदारसंघातून कोण कोण उभं आहे ते नक्की झालंय. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीने आणि शेजारच्या दोन सोसायट्यांनी मिळून ठरवलंय की येत्या रविवारी सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलवायचं. झेंडे नाहीत, हारतुरे नाहीत, घोषणा नाहीत, प्रत्येकाला सारखा वेळ. प्रश्न काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न मागवले तर साठच्या वर आले आणि ते वाचून मला जरा टेन्शनच आलं. टँकर, गेटसमोरचा खड्डा, भटकी कुत्री, पार्किंग, मेट्रोचे पत्रे कधी निघणार, डासांची फवारणी, परत टँकर. खोटं काहीच नाही त्यात, मी स्वतः सकाळी पावणेसातला टाकीत किती पाणी आलं ते बघायला खाली जाते. पण हे विचारलं की उत्तर काय येणार ते मला आत्ताच पाठ आहे, नक्की करतो ताई, तुमचं काम ते माझं काम, टाळ्या, पुढचा प्रश्न. २०१९ ला असंच झालं होतं. पाच जण बोलले आणि डोळे मिटून ऐकलं असतं तर कोण कुठल्या पक्षाचा ते सांगता आलं नसतं.

मला हे समजून घ्यायचंय की हा माणूस कशाला आधी हात घालेल, कशाला नंतर, आणि दोन माणसांची गरज एकमेकांच्या आड आली तर कोणाच्या बाजूने उभा राहील. असं काही प्रश्नांमधून कळतं का? कोणी असा कार्यक्रम केला असेल तर प्लीज सांगा. रविवारला चार दिवस उरलेत.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

ताई, उपक्रम फार चांगला आहे. माझी नोकरी विधिमंडळाच्या कामकाजाशी संबंधित होती म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांना नावं ठेवू नका. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, नवी मुंबईची तर मे २०२० ला, तेव्हापासून दोन्हीकडे प्रशासक बसलाय, नगरसेवक नाहीतच. लोकांनी गटार तुंबलं म्हणून जायचं कोणाकडे? जो पहिला हात जोडून दारात येतो त्यालाच विचारणार. म्हणून तुमच्या यादीतला पहिला प्रश्न मी हाच ठेवला असता की महापालिका निवडणुका इतकी वर्षं झाल्या नाहीत, यावर तुम्ही जाहीरपणे कधी काय बोललात? जे आमदार आहेत आणि जे व्हायचंय म्हणतायत, दोघांना.

दुसरी गोष्ट आमदाराच्या कामाची. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो, त्यातून पेव्हर ब्लॉक आणि ओपन जिम होतात आणि फलक लागतात म्हणून आपल्याला तेवढंच दिसतं. मूळ काम तीन प्रकारचं. कायदे करणं, बजेट मंजूर करणं आणि सरकारला जाब विचारणं, म्हणजे तारांकित प्रश्न (मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढणं), कपात सूचना (खात्याच्या खर्चाची मागणी कमी करा अशी सूचना). यातलं जाब विचारणं विरोधी बाकावरच्याला आणि सत्ताधाऱ्याला, दोघांनाही करता येतं. आधी आमदार राहिलेल्यांनी काय विचारलं त्याची कागदपत्रं विधानमंडळाच्या वेबसाइटवर मिळतात, एक संध्याकाळ काढून बघाच.

आणि मूल्यांचं म्हणाल तर तुमच्या घरातली पगाराची स्लिप काढा. दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा राज्याचा १९७५ चा कायदा. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, वि. स. पागेंची ती कल्पना, आणि त्या कामांना कायमचा पैसा हवा म्हणून हा कर आला. १९७७ ला रोजगार हमीचा कायदाच झाला, अख्ख्या देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं. मुंबई-ठाण्यात पंख्याखाली बसून पगार घेणाऱ्याने गावाकडे उन्हात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा, हे आपल्या विधिमंडळाने ठरवलं आणि शहरातल्या आमदारांना ते आपल्या मतदारांना सांगावं लागलं असणार. मूल्यं मूल्यं म्हणतात ती मला तरी अशीच दिसतात, कोणाच्या खिशातून काढून कोणाच्या ताटात वाढायचं ते उघड सांगणं. तुमच्या उमेदवारांना विचारा, एकच कायदा करायला किंवा बदलायला मिळाला तर कोणता, आणि त्याचा भार कोणावर पडणार?

सीवूड्स_ते_वाशी

आम्ही नवी मुंबईत २०१९ ला केलं होतं असं. आधी प्रॅक्टिकल सांगते. आचारसंहिता चालू आहे त्यामुळे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात आजच लेखी अर्ज द्या आणि पोलीस स्टेशनलाही, तोंडी हो म्हणाले यावर जाऊ नका. खर्च कोणाच्या नावावर धरतात तेही तिथेच विचारून घ्या, उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा असते आणि त्यांची माणसं याबाबत फार जपून असतात. उमेदवाराऐवजी प्रतिनिधी आला तर त्याला समोर बसवा, वर नाही, हे आधीच सगळ्यांना कळवून ठेवा नाहीतर ऐनवेळी वाद होतात.

आता प्रश्नाचं. आम्ही भाषणं ठेवलीच नाहीत. प्रत्येकाला एकेक कागद दिला, त्यावर पाच कामं लिहिलेली, सरकारी दवाखाना, गावठाणातली गरजेपोटीची घरं (मूळ गावकऱ्यांनी गरज म्हणून विनापरवाना बांधलेली), सिडकोच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास, लोकलच्या फेऱ्या वाढवण्यासाठी पाठपुरावा, खाडी आणि पाणथळ जागा. याला १ ते ५ नंबर द्या म्हटलं, पाच मिनिटं. एकाने पाचही ओळींसमोर १ लिहिलं. सगळंच महत्त्वाचं आहे ना, म्हणाले. आणि एक अपक्ष होते, ते पेन घेऊन बसले ते बसलेच, एकदा लिहिलं, खोडलं, घाम पुसला, परत लिहिलं. त्यांनी गावठाणातल्या घरांना १ दिला आणि पुनर्विकासाला ४. समोर बसलेले आम्ही सगळे सिडकोच्या बिल्डिंगवाले, स्लॅबचं प्लास्टर पडतंय म्हणून कावलेले, आणि हा माणूस आमच्या तोंडावर सांगतोय की ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांची घरं अजून कागदावर बेकायदा आहेत, आधी ते, मग तुमचं. कुजबुज झाली, दोघं जण उठून गेले. मी त्यांना मत दिलं नाही, खरं सांगते. पण पाच वर्षं झाली तरी ते चारही उमेदवारांमधले एकटेच आहेत ज्यांचं म्हणणं मला शब्दाला शब्द आठवतं.

तेव्हा कागद द्याच. सगळ्यांना एकदम द्या, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बदलत नाही.

खारेगाव_टोलनाका

मला सगळ्यांचं पटतंय पण एक पटत नाहीये. खड्डा टँकर हे बारीक प्रश्न आणि कायदा बजेट हे मोठे, असं काहीसं वर लिहिलंय, तसं नाहीये हो. माझे वडील हार्टचे पेशंट आहेत, त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेताना खड्डे चुकवत चुकवत दहा मिनिटांच्या रस्त्याला चाळीस मिनिटं लागली आणि मागे बसून मी त्यांची छाती धरून होतो. माझ्यासाठी सगळ्यात मोठं मूल्य तेच आहे. आणि रस्त्याचं घोडं अडतं ते पण वरच, घोडबंदर रोडचंच बघा, महापालिका, सार्वजनिक बांधकाम, एमएमआरडीए, एकाला विचारलं की दुसऱ्याकडे बोट, आणि जेएनपीटीहून गुजरातकडे जाणारे कंटेनर त्याच रस्त्यावर. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं हे आमदाराचंच काम आहे ना.

दुसरं, बोलण्यावर विसंबू नका. प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर आहे, फॉर्म २६, आयोगाच्या केवायसी (नो युवर कँडिडेट) ॲपवर पण दिसतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, मागच्या पाच वर्षांचं इन्कम टॅक्समधलं उत्पन्न, बायकोचं किंवा नवऱ्याचं पण. हे सहज मिळालेलं नाहीये, २००२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं मतदाराला हे कळायचा हक्क आहे तेव्हा सुरू झालं. गुन्हे असतील तर पेपरात आणि टीव्हीवर तीनदा जाहिरात द्यावी लागते. मी काल रात्री आमच्याकडच्या चार जणांची डाउनलोड करून वाचली, दीड तास लागला. प्रिंट काढून रविवारी एका टेबलावर ठेवा, ज्याला वाचायचंय तो वाचेल, कोणाला बोलायची गरज नाही.

आणि काका, एक विचारायचं राहिलं. पक्षाचा व्हिप निघाला की आमदाराने तसंच मत द्यायचं, नाहीतर आमदारकी जाते, मग त्याच्या मूल्यांचा उपयोग काय?

निवृत्त_कक्ष_अधिकारी

रास्त प्रश्न आहे. व्हिप मतदानाच्या वेळी लागतो. पण लक्षवेधी लावायला, तारांकित प्रश्न टाकायला, मंत्र्याच्या दालनात जाऊन भांडायला, पक्षाच्या बैठकीत नाही म्हणायला व्हिप आडवा येत नाही. माणूस तिथे कळतो. तुम्ही रविवारी असंच विचारा की पक्षाची भूमिका आणि तुमच्या मतदारसंघाचं हित वेगळं निघालं असं आजवर कधी झालं आणि तेव्हा तुम्ही काय केलंत. ‘काय कराल’ असं विचारू नका, ‘काय केलंत’ विचारा. आणि वडिलांची काळजी घ्या, रस्त्याबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

माहेर_मुरबाड

पहिल्यांदाच लिहितेय इथे. टँकरचा प्रश्न काढू नका, त्याला फक्त पुढचा प्रश्न जोडा.

नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाण्याला नाही. स्टेम (पाणी पुरवणारी कंपनी), एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि भातसा नदीवरची स्वतःची योजना, असं चार ठिकाणचं पाणी जोडून ठाणे चालतंय आणि टॉवर वाढतच चाललेत. प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी म्हणतं की ठाण्याला हक्काचं धरण आणतो, बहुतेक वेळा ते काळू धरण असतं. ते माझ्या माहेरच्या तालुक्यात, मुरबाडमध्ये. तिथली आदिवासी गावं, शेतं आणि जंगल पाण्याखाली जाणार, लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केलाय, कोर्टाने काम थांबवलं होतं. माझ्या मामीला पावसाळ्यात नदीचा आवाज घरात ऐकू येतो आणि मे महिन्यात तीच मामी डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरते. मी इथे ठाण्यात टँकरचं पाणी पिते आणि मला दोन्हीकडचं कळतं म्हणून झोप येत नाही कधीकधी.

तर विचारा त्यांना, पाणी आणणार म्हणजे कुठून? ज्यांची गावं जाणार त्यांना जाऊन भेटलात का? आणि त्याआधी इथली गळती, सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरणं, पाणी नसताना नवीन टॉवरला परवानगी न देणं, यातलं काय करायची तयारी आहे? बिल्डरला नाही म्हणाल का, एवढं तरी विचाराच.

ठाणेकर_बी_विंग
११ नोव्हेंबर २०२४

काल झालं एकदाचं. परवानगी शुक्रवारी दुपारी मिळाली, सीवूड्स ताई तुमच्यामुळे वेळेत अर्ज गेला. सगळ्यांना पत्रं दिली होती, चार उमेदवार स्वतः आले, एकाचा प्रतिनिधी आला तो समोर बसला. दीडशेच्या आसपास माणसं होती, खुर्च्या कमी पडल्या म्हणून पोरं कठड्यावर बसली. प्रतिज्ञापत्रांच्या टेबलापाशी शेवटपर्यंत गर्दी होती हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

कागद चौघांनाही दिले. कोणी काय लिहिलं ते आचारसंहिता आहे म्हणून इथे टाकत नाही. पाण्याचा प्रश्न मी मुरबाडच्या ताईंच्याच शब्दांत वाचला, हंड्यासकट. पहिल्यांदा शांतता झाली. एक जण म्हणाले मुरबाड माझ्या मतदारसंघात येत नाही. एक जण बराच वेळ माइक हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले की मी त्या गावांत गेलेलो नाही, मी जाईन आणि मग बोलेन, आज खोटं सांगत नाही. तिसऱ्यांनी गळती आणि सांडपाण्याबद्दल आकडे मांडायला सुरुवात केली तेव्हा आमच्याच मागच्या रांगेतून एक आजोबा ओरडले, बिल्डरचं सांगा, बिल्डरचं. त्यावर उत्तर आलं ते अर्धंमुर्धं आलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

व्हिपच्या प्रश्नाला चौघांपैकी एकानेच खरा प्रसंग सांगितला, बाकीच्यांनी पक्षनिष्ठेवर भाषण केलं.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

छान झालं. उत्तरं लिहून ठेवलीत का? प्रत्येकासमोर तारीख टाका. यातला जो निवडून येईल त्याचं डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असेल, तेव्हा पाण्यावर प्रश्न लागला का ते बघायला लागेल कोणीतरी.

ठाणेकर_बी_विंग

लिहिलीत काका, दोनशे पानी वही केलीय. ती सोसायटीच्या ऑफिसात पाणीपट्टीच्या फाईलशेजारी ठेवलीय, तिन्ही सोसायट्यांचे सेक्रेटरी बघू शकतात. मुरबाडच्या ताई, ते उमेदवार तुमच्या गावाकडे खरंच गेले तर कळवाल का? निवडून आले नाहीत तरी कळवा.