नऊ डीबीचा यागी लावला आणि होतं तेही ऐकू येईना

डिचोलीकर:
हॅम रेडिओचं (हौशी बिनतारी संदेशांचं) लायसन नुकतंच हातात आलंय. घराच्या गच्चीवर उभा साधा अँटेना होता, 145 मेगाहर्ट्झ, 5 वॅटचा हँडसेट. सावंतवाडीचा मित्र खरखरत का होईना, ऐकू यायचा. वाळपईचा तर स्वच्छ. मग तीन दांड्यांचा यागी, म्हणजे एकाच दिशेला जोर देणारा अँटेना, आणला. खोक्यावर 'गेन 9 डीबी', म्हणजे त्या दिशेला तेवढे डेसिबल जोर जास्त. लोखंडी पाइपावर चढवून सावंतवाडीकडे तोंड केलं. आता वाळपई गायब आणि सावंतवाडी पूर्वीपेक्षा वाईट! नऊ डीबी गेले कुठे?

म्हापशाचा म्हातारा:
बाबा, दांडे आडवे ठेवलेस ना? दूरदर्शनचा अँटेना आठवून सगळे तेच करतात. तुझ्या मित्राचा अँटेना उभा. उभ्या-आडव्याच्या भांडणात कागदावर 20 डीबीपर्यंत नुकसान, म्हणजे शंभरावा हिस्सा उरतो. डोंगरांवर आपटून लहरी थोड्या वाकड्यातिकड्या होतात म्हणून तेवढं तरी ऐकू येतंय.

आणि अँटेना वीज तयार करत नाही रे. पाइपाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी लांब जातं, पण पाणी तेवढंच. सावंतवाडीला जास्त दिलंस ते वाळपईच्या वाट्याचं. डिचोलीहून ती पूर्वेला, जराशी दक्षिणेकडे. यागीच्या बाजूच्याही मागे पडते.

'9 डीबी' कशाच्या तुलनेत ते खोक्यावर आहे का? कल्पनेतल्या, सगळीकडे सारखं फेकणाऱ्या अँटेनाशी तुलना केली तर साध्या डायपोललाही, म्हणजे मध्ये तार जोडलेल्या एकाच दांड्याच्या अँटेनालाही, 2.15 डीबी मिळतात. तीन दांड्यांना त्या मापाने सात-आठ धर. डायपोलहून पाचेक डीबी जास्त, म्हणजे त्या दिशेला तुझे 5 वॅट साधारण 15 वॅटांसारखे. वाईट नाही.

डिचोलीकर:
काका, आडवेच होते! उद्या उभे करतो.

म्हापशाचा म्हातारा:
थांब, लोखंडी पाइप मधोमध आहे ना? दांडे उभे केलेस की पाइप त्यांना समांतर येईल आणि सगळा आकार बिघडवेल. यागी मागच्या टोकाला धर, किंवा वरचे दोन मीटर बांबू लाव.

फोंड्याहून:
जुना उभा अँटेना काढू नकोस. वाळपईसाठी तोच बरा. मध्ये स्विच टाक.

डिचोलीकर:
बांबू लावला, दांडे उभे. सावंतवाडी खरखरीशिवाय! वाळपईवाल्याला जुन्यावरून कळवलं, तर म्हणतो, "आता कशी आठवण झाली?"