नवीन पिकअप आणि कोकण: काय वाटलं होतं आणि काय मिळालं? (अनुभव धागा)

मंडळी, घरची पिकअप आता काढायची वेळ आलीये. 2009 ची गाडी, मेकॅनिकल पंपाची, इंजिन अजून एका सेल्फला चालू होतं, पण हौद्याखालचे आडवे चॅनल गंजून पापुद्रे सुटतायत आणि फिटनेसला दरवर्षी पत्रा मारून किती दिवस काढणार. आंब्याच्या सीझनच्या आत नवीन घ्यायची आहे. नाक्यावर विचारलं तर सगळे एका सुरात, "नवीन गाड्यांत काय राम नाय, नुसते सेन्सर." शोरूममध्ये गेलो तर तिथे असं ऐकलं की डोंगरसुद्धा ओढून नेईल. दोन्हीवर माझा विश्वास नाही. माझा अंदाज असा की 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस सिक्स (धुराचे नवीन कडक नियम) आल्यापासून गाडी बदललीये पण आपण ती जुन्याच सवयीने वापरतोय, भांडण तिथे आहे. चूक असेल तर सांगा.

बोलेरो पिकअप, योद्धा, इंट्रा, बडा दोस्त, डी-मॅक्स, जी काय चालवत असाल त्याबद्दल लिहा. फक्त तक्रार लिहिताना कंपनीचं नाव नको, नाहीतर तीसऱ्या प्रतिसादाला "तुझी कंपनी माझी कंपनी" सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला. माल काय भरता, रस्ता कुठला, आणि घेताना काय वाटलेलं ते लिहा. माझं सांगतो, बाग राजापूरकडे, कातळावर, एरवी गाडी गावातल्या गावात फिरते आणि सीझनला रात्रीची वाशी.

डोलकर_हर्णै

मासळी. जेट्टीवरून बर्फाच्या फॅक्टरीत, तिथून परत जेट्टी, मग दापोली मार्केट. सगळं मिळून रनिंग काहीच नाही पण गाडी दिवसभर चालू-बंद चालू-बंद. घेताना एकच अपेक्षा होती की बाबा नवीन आहे, तीन-चार वर्षं बॉनेट उघडायला लागू नये. आणि सहा महिन्यांत तो पिवळा दिवा. डीपीएफ चोकअप, म्हणजे धुराची जाळी तुंबली. गाडी पिकअपच घेईना, दापोलीच्या चढाला मागून रिक्षा हॉर्न मारतेय आणि आपण सेकंडला. सर्व्हिसवाल्याने लॅपटॉप लावून काजळी जाळून दिली, बिल घेतलं, पुढच्या महिन्यात परत तेच.

शेवटी तिथल्याच एका पोराने बाजूला घेऊन नीट सांगितलं. सायलेन्सरात एक जाळी असते, धुरातली काजळी ती धरून ठेवते, आणि इंजिन सलग गरम चाललं की ती काजळी आतल्या आत जाळून टाकते. तुमची गाडी गरमच होत नाही तर जळणार कधी? वर आणि ती जाळायला जे जादा डिझेल मारलं जातं ते अर्ध्यात गाडी बंद केली की थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइलची लेव्हल वाढलेली! आमचे बाबा खूश, म्हणाले बघ ऑइल खात नाही गाडी. अहो बाबा ते डिझेल आहे.

आता आठवड्यातून एकदा खेडची फेरी मुद्दाम याच गाडीला देतो, भाडं नसलं तरी. दिवा परत आलेला नाही. पण मला विचाराल तर हे मला गाडी विकतानाच सांगायला नको होतं का? मी काय वापर करणार ते फॉर्मवर लिहून घेतलं होतं त्यांनी.

फिटर_चिपळूण

डोलकर दादांचं बरोबर आहे. माझं गॅरेज हायवेला आहे, माझ्याकडे येणाऱ्या नवीन पिकअपमध्ये इंजिन खोलायची वेळ क्वचित येते, इंजिनाच्या भोवतीचं सामान त्रास देतं. डीपीएफ, ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), सेन्सरची सॉकेटं. सॉकेटमध्ये खारी हवा जाऊन पिना हिरव्या होतात आणि लोक दहा-बारा हजाराचा सेन्सर बदलतात, पिन साफ करून ग्रीस लावलं तरी काम होतं कधी कधी.

दोन गोष्टी लिहून ठेवा. उभ्या गाडीचा आरपीएम आपोआप थोडा चढलाय, फॅन जोरात, सायलेन्सरकडून जळका वास, तर समजा जाळी साफ होतेय, दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, चावी काढू नका. आणि तेव्हा गाडी पातेऱ्यावर (वाळक्या पाल्यावर) उभी करू नका. त्या जाळीत 600 डिग्रीच्या आसपास उष्णता असते. मार्च-एप्रिलला काजूच्या बागेत गुडघाभर पातेरा, वर कुठे कुठे वाळलेलं गवत, आणि त्यावर गाडी लावून माणसं जातात बोंडं गोळा करायला. बाग गेली तर गाडीचं काय घेऊन बसलात.

आणि ते जाळी कापून आत पोकळ पाईप घालून देणारे लोक आहेत ना, माझ्याकडेपण विचारायला येतात. मी करत नाही. वॉरंटी गेली, पीयूसीला अडकणार, आणि विकताना जाणकार गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

चिरेबंदी

आपला धंदा चिऱ्याचा (जांभा दगड), लांजा साइड. खाणीतून साइटवर. आता हिशोब बघा, एक चिरा ओला असेल तर 30-35 किलो, म्हणजे दीड टनाच्या गाडीत नियमाने पन्नासच्या आत बाहेर. पन्नास चिऱ्यांत कोणाचं भाडं सुटतं? सगळे शंभर टाकतात, मी पण टाकायचो, खोटं कशाला बोलू उगाच. जुनी गाडी खायची मुकाट्याने. म्हणून नवीन घेतली तेव्हा पहिलं काम काय तर मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, एकेक पाटा जादा.

इंजिनाबद्दल बोलाल तर जुनी नवीच्या पासंगालाही पुरत नाही. जिथे आधी फर्स्ट टाकून मुंगीसारखं चढायचं तिथे ही सेकंड-थर्डला हसत जाते. पण पाटे वाढवल्यापासून ब्रेक विचित्र लागायला लागला, मागचा धरायचाच नाही नीट. तीन ठिकाणी दाखवली, लायनर बदलले, ऑइल बदललं, शेवटी एका जुन्या मिस्त्रीने खाली झोपून दाखवलं. मागच्या ॲक्सलला एक छोटा दांडा जोडलेला असतो, लोड किती आहे ते बघून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व. पाटे वाढले की हौदा वर उचलला जातो, व्हॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, तो ब्रेक कमी करतो. म्हणजे गाडीत शंभर चिरे आणि ब्रेक रिकाम्या गाडीचा! तो दांडा सेट करून घेतला, पाटा काढून टाकला, आता साठ-पासष्टवर थांबतो. अजून जास्तच आहे हो, माहितीये. भाड्याचा दर वाढवून द्या मग पन्नास भरतो.

आबा_मालवणकार

मी सांगतंय आणि झील (मुलगो) लिवता. आमची जुनी गाडी होती ती आवाजार कळायची, पाटो तुटलो की कर्र, बेरिंग गेला की घूंऽ. हेका आवाजच नाय. नुसतो दिवो पेटता. दिवो पेटलो की कुडाळ गाठायचा, तो पोरगो कॉम्प्युटर लावता आणि सांगता काय झाला तां, मगे पैशे घेता. पन्नास वर्षां गाडी चालवलय मी, आता गाडयेक काय झाला तां माका दुसऱ्यान सांगायचा? बाकी गाडी बरी हा. बसूक बरी. कंबार दुखणा नाय.

काजूवाली_वेंगुर्ले

आबा, कंबर दुखत नाही हेच मी पहिलं लिहिणार होते.

आमचा छोटा काजू प्रक्रियेचा कारखाना आहे, गाडी माझ्या नावावर आणि हिशोबही मीच ठेवते, त्यामुळे मी भावनेने नाही वहीने बोलते. माल कोल्हापूरला जातो, आंबोली घाटाने किंवा फोंडा घाटाने. 2024 ला करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा तिकडची बरीच वाहतूक फोंड्यावर आली, तासन् तास चढावर थांबत सरकत जायचं, भर उन्हात. गाडी एकदाही तापली नाही. जुन्या गाडीत ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊनच बसायचा. डिझेल लिटरमागे चांगलं मिळतं, ड्रायव्हर टिकलाय कारण गाडीत एसी आहे (हसू नका, ड्रायव्हर टिकणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न आहे). लांबचं रनिंग असल्यामुळे तो जाळीचा दिवा आम्ही पाहिलेलाही नाही. म्हणजे डोलकरांची आणि माझी गाडी एकच असली तरी अनुभव उलटा येणार.

तक्रार एकच, पार्ट. ऐन हंगामात एक सेन्सर गेला, गाडी लंगडत कशीबशी आणली, आणि पार्ट यायला आठवड्याच्या वर लागला. रोज फोन केला की "उद्या येतोय मॅडम." भाड्याच्या टेम्पोला जे पैसे गेले त्यात तसले चार सेन्सर आले असते. जुन्या गाडीचा पार्ट सावंतवाडीत कुठल्याही दुकानात लटकलेला असायचा.

हो, आणि उंदीर. पावसाळ्यात गाडी शेडमध्ये असली की वायरिंग कुरतडतात. जुन्या गाडीत चार वायरी, टेप मारली की झालं. हिच्यात जाडजूड जुडगा, कुठली तुटली ते शोधण्यातच दिवस जातो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात झालं होतं, मी तर हात जोडले.

हापूसकर (धागाकर्ता)

वा, म्हणजे मला दोन्ही त्रास लागू, एरवी डोलकरांसारखं गावात आणि सीझनला लांब. पातेऱ्याचं तर कोणी कधी बोललंच नव्हतं, आमची गाडी कायम कलमाखालीच असते.

धूर साफ करायला जो युरिया लागतो त्याचं कोणी सांगेल का? एका मॉडेलला वेगळी टाकी आहे. काका म्हणतात घरात खताची गोण आहेच, पाण्यात विरघळवून ओतू.

फिटर_चिपळूण

काकांना आवरा!! त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. खताचा युरिया 2015 पासून सगळा नीम कोटेड येतो, वर त्यात बाकी काय काय असतं, ते आतल्या कॅटॅलिस्टवर बसलं की लाखाच्या घरातलं काम. सीलबंद कॅन घ्या, उन्हात ठेवू नका. सगळ्या पिकअपना लागत नाही तो, घेताना विचारा. ज्यांना लागतो त्यांची टाकी रिकामी झाली की गाडी ताकद कापते, काही तर परत चालूच होत नाहीत. वाशीच्या वाटेवर रात्री दोनला हे व्हायला नको.

दर्यावर्दी

जहाजावर इंजिनिअर, गाव गुहागर, सुट्टीवर आलो की भावाची पिकअप मीच बघतो. तुम्ही सगळे डीपीएफवर आहात पण मला भीती वाटते ती डिझेलमधल्या पाण्याची. जुन्या पंपाला थोडं पाणी गेलं तर गाडी खोकायची, एअर काढली की चालू. आताच्या कॉमनरेलमध्ये (सगळ्या नोझलना एकाच पाइपातून डिझेल) डिझेल हजार-दीड हजार बारच्या वर दाबलं जातं आणि पंपाच्या आतल्या भागांना वंगण त्या डिझेलचंच. त्यात पाणी आलं की धातूवर धातू घासतो, चुरा होतो आणि तो चुरा सगळ्या नोझलमध्ये. मग पंप, रेल, चारही नोझल. बिल बघून माणूस खाली बसतो. आणि आपल्याकडे काय, पावसात उघडा पडलेला ड्रम, त्यातून नळीने काढून गाडीत. बंद करा ते. फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो, पावसाळ्यात पंधरवड्याने सोडत जा.

हे फक्त आपल्याच गाड्यांचं आहे असं समजू नका. माझा मामेभाऊ टेक्सासला आहे, तिकडच्या त्या राक्षसी हेवी ड्युटी पिकअप, 6.7 लिटरचं डिझेल इंजिन, त्यातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांचा टॉर्क 1,600 न्यूटन मीटरच्या वर. आपल्या बहुतेक पिकअपचा 250 पर्यंत. तो बोलायला लागला की वाटतं हर्णैचा माणूस बोलतोय, डीपीएफ, युरियाचा सेन्सर, आणि सगळ्यात जास्त धाक त्या हाय प्रेशर पंपाचा. एका मोठ्या कंपनीने 2019 ला पंप बदलला, तो फेल व्हायला लागला, 2021 ला गाड्या परत बोलावून आधीच्या डिझाइनचा पंप बसवून द्यावा लागला. तिकडेही लोक मुलांना शाळेत सोडायला असली गाडी वापरतात आणि मग म्हणतात जाळी चोकअप झाली!

बाजारपूल

चिपळूणचा आहे, 22 जुलै 2021 नंतर मला या विषयावर बोलायचा हक्क आहे असं समजतो. तेव्हा वर्षभराचीच गाडी, टपापर्यंत पाण्यात. शेजाऱ्याची जुनी पिकअपही तशीच. त्याने डिझेल, ऑइल सगळं बदलून, डायनॅमो-सेल्फ उन्हात वाळवून बऱ्यापैकी लवकर रस्त्यावर आणली. माझी टो करून नेली, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, वायरिंग गेलं, मीटरचं क्लस्टर गेलं. इंजिन वाचलं कारण चावीला हात लावला नव्हता. आमच्या आळीत ज्यांनी पाणी उतरल्याबरोबर सेल्फ मारला त्यांचं पाणी सिलेंडरमध्ये दाबलं जाऊन रॉड वाकले, आणि विम्याने म्हटलं हे पुरामुळे नाही, तुम्ही चालू केली म्हणून. साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही. नवीन घेताय ना, इंजिनाचं वेगळं कव्हर असतं ते घ्या, दोन पैसे जादा गेले तरी.

खाडीपलीकडचा

मी उलट केलं. 2019 ची बीएस फोर शोधून घेतली, सेकंडहॅण्ड. जाळी नाही, युरिया नाही. पण भाव असे चढलेत की नवीन आणि तिच्यात फार फरक उरला नाही, आणि कॉमनरेल तर तिलाही आहेच, म्हणजे दर्यावर्दी म्हणतात तो पंपाचा धाक मलापण. वर हप्त्याचं व्याज जुन्या गाडीला जास्त. परत घ्यायची तर नवीनच घेईन बहुतेक.

हापूसकर (धागाकर्ता)

ठरलं जवळजवळ. नवीनच, युरियाची टाकी नसलेली, इंजिन कव्हरसकट. राहिला गंज. जुनीचं इंजिन नाही, गंजच नडला शेवटी. कोणी खालून काय मारता?

डोलकर_हर्णै

शोरूमचं काळं कोटिंग मारलं तर पहिल्याच महिन्यात मारा, गंज धरल्यावर वरून मारलं तर आतून खातं आणि दिसतपण नाही. मासळीचं पाणी हौद्यातून चॅनलवर ठिबकतं म्हणून मी हौद्यात रबर टाकून मागे एकच भोक ठेवलंय, पाईप लावून पाणी चाकाच्या मागे सोडलंय. तुम्हाला आंब्याला ते नको. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने खालून प्रेशरने धुवा, दोन दिवस वाळू द्या, मग मारा. आणि जळकं ऑइल मारायला सांगतील सगळे, नका मारू, हँडब्रेकच्या केबलवर आणि रबरच्या बुशवर गेलं की ती फुगतात.

चिरेबंदी

आम्ही तीस वर्षं जळकं ऑइलच मारतोय.

डोलकर_हर्णै

बुश किती वेळा बदलले?

चिरेबंदी

ते विचारू नका.