मदत हवी आहे: बळदात सापडलेली ५० वर्षांपूर्वीची ज्वारी उगवेल का?

धाराशिव जिल्ह्यातलं आमचं माळवदाचं जुनं घर गेल्या महिन्यात उतरवलं. भिंतीतल्या बळदाच्या (धान्य साठवायच्या पोकळीच्या) तळाशी शेणमातीनं तोंड लिंपलेलं गाडगं निघालं. आत राखेत घोळलेली ज्वारी, वर कडुनिंबाचा पाला (हात लावला की भुगा) आणि दोन बिब्बे. आज्जी म्हणते, "तुझ्या पणजीचं बी हाय ते, ७२ च्या दुष्काळाच्या आधीचं." त्या साली घरानं मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) अन् सुकडीवर (दुष्काळात वाटलेलं पौष्टिक पीठ) दिवस काढले. पोरं बियाणंच खाऊन टाकतील म्हणून पणजीनं जागा कुणाला सांगितली नाही, आणि पुढचा पाऊस बघायला ती राहिली नाही.

बरंच सोंड्यांनी खाल्लंय. धड दाणे मोजले, २१४ भरले. पांढरे, मालदांडीपेक्षा बारीक. त्यातले २० रात्रभर पेल्यात भिजवून गोणपाटात गुंडाळले, सोयाबीनची उगवण बघतो तसे. तिसऱ्या दिवशी आंबूस वास आणि पांढरी बुरशी. कोंब एकही नाही.

मसाडाच्या किल्ल्यातली सुमारे २००० वर्षांची खजुराची बी २००५ मध्ये इस्रायलात रुजवली, चीनमधलं १३०० वर्षांचं कमळाचं बी उगवलं, हे वाचलंय. पण खजूर मृत समुद्राकाठच्या कोरड्या हवेत होता आणि कमळाच्या बीचं कवच कानशीनं घासावं लागतं. ज्वारीला असलं चिलखत कुठलं? (पिरॅमिडमधला गहू उगवल्याची थाप कृपया इथं टाकू नका, ती भावकीच्या ग्रुपवर येतेच.)

त्या खजुराला जिबरेलिक आम्ल (जीए, वाढीचं संप्रेरक) दिलं होतं. द्राक्षवाले वापरतात ते जीए मी दिलं तर? उरलेले १९४ दाणे वाया घालवायचे नाहीत.

प्रतिसाद:
दादा, आधी थांबा. जीए झोपलेल्या बीला उठवतं, मेलेल्याला नाही. ओलावा एक टक्का किंवा तापमान पाच अंशांनी कमी झालं की बीचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. तुमच्या गाडग्यानं आपल्याकडचे पन्नासेक उन्हाळे-पावसाळे सोसलेत, म्हणजे आशा थोडीच.

पेल्यात भिजवलं तिथंच चुकलं असेल. जुनं कोरडं बी पाणी झटकन ओढतं आणि आतल्या पेशींचे पडदे फाटतात. डब्यात तळाला पाणी, वर चाळणी, चाळणीत दाणे, झाकण लावून एक दिवस नुसत्या दमट हवेत ठेवा. मग धुतलेल्या, भाजून गार केलेल्या वाळूत. दहाच दाणे घ्या.

त्याआधी टेट्राझोलियम चाचणी करून मिळते का बघा. भिजलेला दाणा उभा चिरून द्रावणात ठेवतात, गर्भ जिवंत असेल तर लाल होतो. परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत विचारा.

धागाकर्ता:
धन्यवाद. सोमवारी परभणीला जातो. आज्जीला दाणे चिरणार म्हणून सांगितलं तर म्हणाली, "पाच मला दे, तुळशीपाशी टोचते." दिलेत. १८९ उरले.