पॅराक्वाट, द्राक्षबागा आणि कंपवात: आणखी किती पुरावा हवा?

काळी_माती (सोलापूर)
एप्रिलची खरड छाटणी झाली की बागेत तण उठतं आणि पॅराक्वाटचे कॅन बाहेर निघतात. माझं मत सरळ आहे: जिल्ह्यातल्या बागांमधून हे तणनाशक हद्दपार व्हावं. स्वित्झर्लंडने ते १९८९ मध्ये बंद केलं, युरोपीय संघाने २००७ मध्ये. अमेरिकेतल्या शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात पॅराक्वाट वापरलेल्यांत पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, प्रमाण सुमारे अडीचपट निघालं, रोटेनोन या कीटकनाशकाचंही तेवढंच. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात नकली हेरॉइनमधल्या एमपीटीपी या रसायनाने तरुण पोरांना कंपवात झाल्याचं उघड झालं. शरीरात त्याचं एमपीपी-प्लस बनतं आणि त्याची रचना पॅराक्वाटशी मिळतीजुळती आहे. आणखी काय हवं?

दट्ट्या
रचना सारखी म्हणून काम सारखं, असं होत नाही ओ. एमपीपी-प्लसवर एक धनभार, पॅराक्वाटवर दोन. पहिलं डोपामिन (हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन) उचलणाऱ्या ट्रान्सपोर्टरमधून पेशीत शिरतं आणि पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा कॉम्प्लेक्स-१ हा भाग बंद पाडतं. रोटेनोनचा घावही तिथेच. पॅराक्वाट कॉम्प्लेक्स-१ वर अगदी दुबळं आहे.

शिवाय २०११ च्या अभ्यासात रुग्ण ११०. ज्या मोठ्या शेतकरी गटातून ते निवडले, त्याच गटाचं विश्लेषण २०२० मध्ये आलं आणि त्यात एकूण पाहता पॅराक्वाटचा संबंध दिसला नाही. ते तुम्ही गाळलंत. आणि बोअरच्या पाण्यात विष उतरतं म्हणून जी ओरड चालते, तीही आपल्याकडे टिकत नाही. काळ्या जमिनीतल्या मॉन्टमोरिलोनाइट चिकणमातीच्या थरांवर ऋणभार असतो. दोन धनभारांचा हा रेणू तिथे इतका घट्ट बसतो की खाली झिरपणं अवघड.

काळी_माती
२०२० चं अर्धंच सांगितलंत. पूर्वी डोक्याला मार लागलेल्यांमध्ये पॅराक्वाटसोबत धोका वाढलेला त्यातच दिसला होता.

बोअरचं मान्य, माझा मुद्दा तो नव्हताच. धोका पाठीवर आणि हातावर आहे. द्राक्षाला २४ टक्क्यांचं औषध हेक्टरी २ लिटर, ५०० लिटर पाण्यात. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६० मिली. याचा अर्थ कॅनमधलं औषध टाकीतल्या द्रावणापेक्षा २५० पट तीव्र. बोटावर सांडलेलं थोडंसंही त्या हिशेबाने मोजा. माप घेताना हातमोजे नाहीत, झाकणाचा वायसर गेलेला, पाठीवरचा सदरा ओला, आणि तोच सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर. धडधाकट कातडीतून हे औषध कमी शिरतं, पण ते कातडी सोलवटतं आणि सोलवटलेल्या जागेतून जास्त शिरतं. त्याच अमेरिकी रुग्णांवरचं २०१५ चं विश्लेषण बघा: पॅराक्वाटचा संबंध हातमोजे न वापरणाऱ्यांत दिसला, वापरणाऱ्यांत नाही.

ओपीडी_क्रमांक_४
दोघेही फवाऱ्यावर अडकलात. मेंदूतल्या दाहाचं बोला. सब्स्टॅन्शिया नायग्रात (डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा मेंदूतला भाग) चेतलेल्या मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, असतात हे १९८८ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूत दाखवलं गेलं. पण जळालेल्या घरात धूर असणारच. आग त्यानेच लावली हे कसं ठरवणार? दाह कमी करेल म्हणून मधुमेहाचं पायोग्लिटाझोन देऊन पाहिलं, २०१५ च्या चाचणीत आजाराची चाल मंदावली नाही. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकनेही आशा पुढे नेली नाही.

आणि कुणाला कंप सुटला की आधी गोळ्यांची पिशवी तपासा. पित्तासाठी दिलेल्या कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेवर सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन. ही औषधं डोपामिनच्या कामात अडथळा आणून हुबेहूब कंपवात दाखवतात. डॉक्टरांना विचारून बंद केल्यावर बऱ्याच जणांचा कंप काही महिन्यांत ओसरतो. आधी फवाऱ्यावर खापर फोडलं तर हे निसटतं.

नायग्रा
डॉक्टर, गोळ्यांचं शंभर टक्के बरोबर. धुराचं नाही. एमपीटीपी घेतलेल्या तिघांचे मेंदू १९९९ मध्ये तपासले गेले. विष घेऊन ३ ते १६ वर्षं झालेली, तरी मायक्रोग्लिया चेतलेल्याच आणि पेशी मरणं चालूच. मरणाऱ्या पेशीतून न्यूरोमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य आणि अल्फा-सिन्यूक्लिन हे बिघडलेलं प्रथिन बाहेर पडतं, ते मायक्रोग्लियांना पुन्हा चेतवतं, त्यातून पुढची पेशी जाते.

चाचण्या फसल्या याचं एक कारण वेळेचंही असू शकतं. निदान होईपर्यंत नायग्रातल्या डोपामिन पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

आणि दट्ट्या, दोन धनभारांचं उत्तरही इथेच आहे. मायक्रोग्लियांचं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम पॅराक्वाटला एक इलेक्ट्रॉन देतं, मग एकच धनभार उरतो आणि ते रूप डोपामिनच्या ट्रान्सपोर्टरमधून आत जातं. २०११ च्या प्रयोगांत हे दाखवलं आहे. म्हणजे कॉम्प्लेक्स-१ ला हात न लावताही काम होतं, आणि दार उघडून देतात त्या चेतलेल्या मायक्रोग्लियाच.

सुताचा_गुंता
सगळं द्राक्षांवरच चाललंय. शहरातल्या युनिफॉर्मच्या गारमेंटमध्ये डाग काढायला गनमधून सॉल्व्हंट मारतात. त्या कॅनवर ट्रायक्लोरोएथिलीन लिहिलंय का बघा. अमेरिकेत ज्या लष्करी तळाच्या पाण्यात ते होतं, तिथल्या सैनिकांत पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त निघाला (२०२३). खोलीत एक्झॉस्ट नसेल तर दिवसभर वाफ नाकात.

दट्ट्या
इलेक्ट्रॉनचं पटलं. पण हातमोज्यांनी धोका जात असेल तर बंदी कशाला? नायट्राइलचे मोजे, एप्रन, नोझलवर हूड, वारा असेल तर फवारणी नाही, तुंबलेला नोझल तोंडाने फुंकायचा नाही. कपडे वेगळे धुवायचे, रिकामा कॅन तीनदा विसळून भोक पाडायचा.

काळी_माती
एप्रिलमध्ये ४२ अंशांत रोजंदारीवरचा माणूस रबरी एप्रन घालून दोन एकर फिरेल? मालक स्वतः तरी घालतो का? त्यापेक्षा तणनाशकाऐवजी ओळींमध्ये ब्रश कटर, बोदावर (वेलींखालच्या वरंब्यावर) उसाच्या पाचटाचं चार-पाच इंच आच्छादन. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरते. ड्रिपची नळी पाचटाखाली घेऊ नका, उंदीर कुरतडतात.

दट्ट्या
पाचट वाहून आणायचा खर्च कोण देणार, तो हिशेब टाका. मग बोलू.